मोजलेला उजेड

हेलसिंकीत, समुद्राला लागून, साल्मिसारी नावाचे वीज केंद्र आहे. २००८ साली ते कोळशावर चालत असे. वीज तयार करताना जी उष्णता उरते, तिच्यावर शहरातली घरे उबदार ठेवायची, अशी तिथली व्यवस्था. हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खाली गेला की केंद्राच्या सुमारे दीडशे मीटर उंच चिमणीतून निघणारा पांढरा लोट लांबून दिसे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंधार पडला की या लोटाभोवती हिरवी रेषा उमटू लागली. वाऱ्याने लोट वाकला की रेषाही वाके, लोट पसरला की तीही पसरे. आकाशात कोणीतरी हिरव्या खडूने ढग रेखाटत बसले आहे आणि ढग हलला की पुसून पुन्हा काढत आहे, असे ते दृश्य होते.

हे काम हेलन इव्हान्स आणि हायको हान्सेन या दोन कलावंतांचे. ती मूळची ब्रिटिश, तो जर्मन. पॅरिसमध्ये ‘हेहे’ या नावाने दोघे एकत्र काम करतात. कलाकृतीचे नाव ‘न्यूआज व्हेर’, म्हणजे हिरवा ढग. नुसता धूर रंगवायचा असता तर एखादा मोठा झोत पुरला असता. इथली युक्ती निराळी होती. उष्णता टिपणारा एक कॅमेरा लोटावर रोखलेला होता. लोट भोवतालच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे रात्रीच्या काळोखातही त्याची कड कॅमेऱ्याला नेमकी सापडे. संगणक ती कड क्षणोक्षणी ओळखून लेझर यंत्रातल्या हलत्या आरशांना सांगे, आणि आरसे किरणाला त्या कडेवरून फिरवत. दुसरीकडे, जवळच्या रुओहोलाहती वस्तीत त्या घडीला किती वीज वापरली जात आहे, हा आकडाही याच संगणकाकडे येत असे. हिरव्या ढगाचा आकार या आकड्यावर ठरे.

आणि गणित उलटे होते. वीज जास्त जळली की ढग मोठा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वस्तीने वीज कमी वापरली की हिरवा ढग वाढत असे. वापर वाढला की तो आक्रसे. पाप मोठे करून दाखवण्याऐवजी कलावंतांनी संयम मोठा करून दाखवला. मला ही या कलाकृतीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. धाक दाखवणारे चित्र बघून माणूस मान फिरवतो. आपण काही केले आणि ते आकाशात उमटले, तर तो पुन्हा खिडकीशी येतो.

२९ फेब्रुवारीला, शेवटच्या संध्याकाळी, सात ते आठ या तासात वस्तीतल्या रहिवाशांना घरातली उपकरणे बंद ठेवण्याचे आवाहन करण्यात आले. सुमारे ४,००० लोकांच्या त्या वस्तीत विजेची मागणी ८०० केव्हीएने उतरली. एक पवनचक्की तासभर चालावी, एवढी ही बचत. शहराच्या हिशेबात ती किरकोळच. पण घरातला दिवा मालवून रस्त्यावर यायचे आणि आपल्या त्या मालवण्याने चिमणीवरचा ढग फुगलेला बघायचा, हा अनुभव विजेच्या कुठल्याही बिलाने कधी दिलेला नाही. बिल महिन्याने येते आणि एकट्याच्या नावाने येते. ढग त्याच मिनिटाला उत्तर देत होता आणि ते सगळ्या वस्तीच्या नावाने देत होता. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात दिल्या जाणाऱ्या आर्स इलेक्ट्रॉनिका पुरस्कारांमध्ये त्या वर्षी ‘गोल्डन निका’ हा मोठा सन्मान या कामाला मिळाला.

एक आक्षेप मात्र मनात ठेवावा लागतो. कोळशाच्या चिमणीवर हिरवा प्रकाश टाकला की चिमणी सुंदर दिसू लागते, आणि सुंदर दिसणारी गोष्ट बंद करावी असे कोणाला वाटत नाही. कंपनीच्या जाहिरातीलाही असा ढग चालला असता. हिरव्या ढगाला या आरोपातून पूर्ण सोडवता येत नाही. पण त्याच्यामागे खरा आकडा होता, आणि तो आकडा रहिवाशांच्या हातात होता. जाहिरातीत या दोन्ही गोष्टी नसतात. पुढची नोंदही इथेच करायला हवी. साल्मिसारीतला कोळसा १ एप्रिल २०२५ रोजी कायमचा बंद झाला. तो कलेने बंद केला नाही. कायदा, कराचा बोजा आणि उष्णतेचे दुसरे मार्ग यांनी तो बंद केला. २०२९ च्या मे महिन्यापासून वीज आणि उष्णतेसाठी कोळसा वापरायचा नाही, असा कायदा फिनलंडने आधीच केलेला होता.

या प्रकारच्या कलेची गरज का पडावी, याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. माणूस निसर्गाची जी हानी करतो, तिचा मोठा भाग दिसतच नाही. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये त्याचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. या काळात आकाश होते तेवढेच निळे दिसत राहिले. समुद्राचेही तसेच. जागतिक हवामान संघटनेच्या आकड्यांनुसार १९९३ ते २००२ या काळात समुद्राची सरासरी पातळी वर्षाला २.१३ मिलिमीटरने वाढत होती. २०१४ ते २०२३ मध्ये हा वेग ४.७७ मिलिमीटरवर गेला. वेग दुपटीहून अधिक झाला, तरी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाच मिलिमीटर कसे दिसावेत? रोजची भरतीओहोटीच काही मीटरची असते. आकडा छापला की डोळा त्याच्यावरून घसरतो. त्याच आकड्याला उजेड जोडला तर निदान थांबून बघावे लागते.

नेदरलँड्समध्ये समुद्राचे हे संकट पटकन समजायला हवे, कारण त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. पंप थांबले किंवा बांध फुटले तर लाखो लोकांच्या घरात पाणी शिरेल. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळाने बांध फोडले आणि १,८३६ माणसे गेली. त्यानंतर उभारलेल्या भिंती आणि दरवाजे इतके भक्कम आहेत, की पाण्याची भीतीच लोकांच्या मनातून ओसरत चालली. २०१५ साली डान रोझगार्ड या कलावंताने ‘वॉटरलिख्ट’ हे काम केले ते या विसराळूपणावर. पहिल्यांदा ते आयसेल नदीकाठच्या वेस्टरव्होर्ट गावी दिसले, तिथल्या जलमंडळासाठी. पूर सांभाळणारी ही जलमंडळे त्या देशातल्या सर्वांत जुन्या लोकनियुक्त संस्थांपैकी आहेत.

रचना साधी आहे. एलईडी दिव्यांच्या रांगा आणि त्यांच्यासमोर भिंगे. त्यांतून निळ्या प्रकाशाचे पातळ, आडवे पापुद्रे निघतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. हवेतला ओलावा, धुके आणि सोडलेली वाफ यांवर तो प्रकाश पडला की लाटा हलताना दिसतात. आपण खाली उभे असतो आणि पाण्याचा पृष्ठभाग आपल्या डोक्यावर असतो. हात वर केला की बोटे लाटेतून वर जातात. उजेड मनगटाशी येऊन थांबतो. मे महिन्यात हेच काम अॅमस्टरडॅमच्या म्युझियमप्लाइनवर एका रात्रीसाठी मांडले, तेव्हा सुमारे ६०,००० माणसे आली. निमित्त होते राइक्स म्युझियमने घेतलेल्या एका जुन्या चित्राचे. यान आसेलाइन याने काढलेले, १६५१ मध्ये अॅमस्टरडॅमजवळचा बांध फुटल्याचे ते चित्र. पुराची दोन चित्रणे, एक तैलरंगातले आणि एक निव्वळ उजेडाचे, मधे साडेतीनशेहून अधिक वर्षे.

वॉटरलिख्ट बघताना अंगावर काटा येतो हे खरे, पण तिथे बघणाऱ्याच्या हातात काही नाही. तो बुडतो आणि घरी जातो. हिरव्या ढगाच्या तुलनेत ही उणीव मला मोठी वाटते.

तीच समुद्राची गोष्ट स्कॉटलंडच्या एका बेटावर फार कमी साधनांत आणि जास्त नेमकेपणाने सांगितली गेली. आउटर हेब्रिडीज हा स्कॉटलंडच्या वायव्येचा द्वीपसमूह. त्यातल्या नॉर्थ युइस्ट बेटावर लॉकमॅडी नावाचे गाव आहे. पाण्याच्या अगदी काठाशी पांढऱ्या भिंतींची एक इमारत, आणि तिच्यात ताय खेरसावाख हे संग्रहालय व कलाकेंद्र. बेटे सखल आहेत. जानेवारी २००५ मधल्या वादळात जवळच्या साउथ युइस्ट बेटावर एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांची पाच माणसे वाहून गेली, हे तिथला कोणी विसरलेला नाही. वादळात उसळणारे पाणी आणि चढता समुद्र यांच्यामुळे या संग्रहालयाला आपल्याच जागेवर नवे बांधकाम करता येत नाही.

पेक्का नीट्टुव्हिर्ता आणि टिमो आहो या दोन फिनिश कलावंतांनी २०१८ मध्ये या जागेवर ‘लाइन्स’ हे मांडणशिल्प उभे केले. त्याचे उपशीर्षक म्हणजे त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश. शिल्प म्हणायला तीन प्रकाशरेषा, आणखी काही नाही. पांढऱ्या एलईडीच्या या रेषा इमारतीच्या भिंतींवरून आणि मागच्या उतारावरून आडव्या जात. दिवसा त्यांच्याकडे लक्षही जात नसे. पाण्यात बसवलेले सेन्सर भरती चढली की रेषा पेटवत, आणि भविष्यात वादळी भरतीचे पाणी कुठवर येईल ती पातळी भिंतीवर उजळे. माणसाच्या छातीच्या उंचीवर, खिडकीच्या चौकटीला कापत, दाराच्या मधून ती रेषा जाई. दार उघडून आत जाणारा माणूस त्या रेषेच्या खाली जाई.

या कामात दिव्याचे बटण कलावंताकडे नव्हते, प्रेक्षकाकडेही नव्हते. ते चंद्र आणि समुद्राकडे होते. ते रोज दोनदा दाबले जाई. परस्परसंवादी कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पडद्यावर हात फिरवणारे पर्यटक येतात. इथे संवाद समुद्र आणि भिंत यांच्यात चाले आणि माणूस तो ऐके. समुद्राकाठी वाढलेल्याला हे लगेच कळेल. मुंबईत पावसाळ्यापूर्वी महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडला की पाणी समुद्रात जात नाही, ते रस्त्यावर थांबते. ही यादी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. लॉकमॅडीत तिला भिंत मिळाली होती.

हवेकडे वळू. अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकण फुप्फुसांत खोल उतरतात आणि रक्तापर्यंत पोचतात. माणसाच्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते, त्यावरून या कणाचा लहानपणा ध्यानात यावा. अँड्रिया पॉली या अमेरिकी कलावंत महिलेने २०१० साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात ‘पार्टिकल फॉल्स’ मांडले. एका उंच इमारतीच्या भिंतीवरून रात्रभर निळ्या उजेडाचा धबधबा कोसळत राहायचा. जवळच नेफेलोमीटर हे यंत्र हवा आत ओढून घेत होते. या यंत्राचे तत्त्व असे, की हवेतून प्रकाशाचा किरण पाठवायचा आणि कणांवर आपटून तो किती विखुरतो ते मोजायचे. खिडकीच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ चमकते, तेच इथे मोजून घेतलेले. कण वाढले की निळ्या धबधब्यात ठिणग्यांसारखे तेजस्वी ठिपके उमटत, आणि फारच वाढले तर धबधबा पेटल्यासारखा दिसे. डिझेलचा ट्रक समोरून गेला, की काही क्षणांत भिंतीवर त्याची नोंद. हे काम नंतर फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या शहरांतही दाखवण्यात आले. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. ज्या धुरावर ते उभे राहिले, त्याची आठवण तिथल्या जुन्या पिढीला आहे.

सोल शहरात त्याआधी, २००९ मध्ये, ‘लिव्हिंग लाइट’ नावाचा एक मंडप बागेत उभा राहिला. डेव्हिड बेंजामिन आणि सू-इन यांग या वास्तुकारांनी त्याचे छत शहराच्या नकाशाच्या आकाराचे केले. ज्या भागातली हवा मागच्या वर्षीपेक्षा सुधारली असेल, तो भाग नकाशावर उजळायचा. इथेही बक्षीस उजेडाचे, शिक्षा काळोखाची. मोबाइलवरून संदेश पाठवून आपल्या भागाची हवा विचारण्याचीही सोय होती.

महाराष्ट्रात याच्या जवळचा एक प्रयोग झाला आहे, जरी तो प्रकाशाचा नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला ‘वातावरण फाउंडेशन’ने रस्त्याकडेला पांढऱ्या फुप्फुसांची मोठी प्रतिकृती लावली. आत पंखे बसवले होते, बाहेरची हवा ओढण्यासाठी. दहा दिवसांत ती फुप्फुसे काळी पडली. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज फोनवर वाचणाऱ्या माणसांनाही त्या काळ्या कापडाने जे सांगितले, ते निर्देशांकाने सांगितले नव्हते.

सोलचा मंडप करणाऱ्या बेंजामिन आणि यांग यांनी कलावंत नताली जेरेमिजेन्को यांच्याबरोबर २००९ मध्येच न्यूयॉर्कच्या नद्यांवर एक काम केले, ‘अॅम्फिबियस आर्किटेक्चर’. ईस्ट रिव्हर आणि ब्राँक्स नदीत त्यांनी तरंगत्या नळ्यांचे जाळे सोडले. नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर, त्यात दिवा. खालचे टोक पाण्यात, त्यात सेन्सर. पाण्याची प्रत बदलली की दिव्यांचा रंग बदले, खालून मासा गेला की वरचे दिवे लुकलुकत. काठावरून कोणी संदेश पाठवला, की नदीची त्या वेळची हालहवाल फोनवर येई. शहरातल्या माणसाला नदी म्हणजे वरून दिसणारा एक काळपट पट्टा असतो, तिच्यावर पडलेली इमारतींची प्रतिबिंबे तेवढी तो बघतो. या दिव्यांनी खालचे जग वर आणले. काळ्या पाण्यावर एका ओळीत चार दिवे पेटत गेले, तर त्यांच्याखालून मासा पोहत गेला आहे हे काठावरच्या मुलालाही कळावे, इतकी ती भाषा सोपी होती. मुळा-मुठेच्या पुलावर उभे राहून पाण्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाने असे दिवे आपल्या नदीत कल्पून बघावेत, आणि त्यातले किती पेटतील याचाही अंदाज करावा.

अवकाशातल्या कचऱ्यावरही असे काम झाले आहे. रोझगार्डने २०१८ मध्ये अल्मेरे शहरात ‘स्पेस वेस्ट लॅब’ मांडली. दहा सेंटिमीटरहून मोठे २९,००० हून अधिक निकामी तुकडे तेव्हा पृथ्वीभोवती फिरत होते. एखादा तुकडा डोक्यावरून जाऊ लागला की जमिनीवरचे एलईडी झोत त्याचा माग काढत. कल्पना भव्य आहे, पण झोतांच्या टोकाला काही दिसत नाही, त्यामुळे ती ऐकायला जेवढी भारी वाटते तेवढी बघायला वाटत नसावी.

आता या कलेला विचारायलाच हवा असा प्रश्न. उजेड ही स्वतःच माणसाने निसर्गावर केलेली एक मोठी ढवळाढवळ आहे. मग पर्यावरणाच्या नावाने आणखी दिवे कशाला?

विजेपुरते उत्तर रोझगार्डच्याच एका कामात सापडते. नेदरलँड्समधला आफ्स्लाउटडाइक हा ३२ किलोमीटर लांबीचा बांध १९३२ मध्ये पूर्ण झाला. त्यावरच्या पाण्याच्या दरवाजांचे ६० बुरुज डिर्क रोझेनबुर्ख या वास्तुकाराने रेखलेले. २०१७ मध्ये या बुरुजांच्या कडांवर बारीक लोलकांचा थर बसवण्यात आला. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्यांवर पडले, की लोलक तो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात आणि बुरुजांच्या रेषा उजळतात. गाडी गेली की काळोख. एकही दिवा नाही, विजेचे एकही युनिट नाही.

पण उजेडाचा प्रश्न विजेपुरता नाही, आणि ते न्यूयॉर्कमध्ये फार जवळून दिसले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी त्या रात्री दोन प्रकाशस्तंभ आकाशात सोडतात, ‘ट्रिब्यूट इन लाइट’. प्रत्येकी ७,००० वॅटचे ८८ झेनॉन झोत सरळ वर रोखलेले असतात. हेतूबद्दल कोणालाच शंका नाही. पण सप्टेंबरचा मध्य म्हणजे उत्तर अमेरिकेतले लहान पक्षी रात्रीच्या रात्री दक्षिणेकडे उडत जाण्याचा हंगाम. ते तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने वाट काढतात. झोतात शिरलेला पक्षी वाट चुकतो, तिथेच गोल गोल फिरत राहतो, ओरडत राहतो, दमतो, काचेवर आपटतो. खालून बघणाऱ्याला स्तंभात पांढरे ठिपके भिरभिरताना दिसतात. कागदाचे कपटे उडत असावेत असे वाटते. ते पक्षी असतात.

२००८ ते २०१६ या काळातल्या सात स्मरणरात्रींच्या रडार नोंदी घेऊन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांवर या प्रकाशाचा परिणाम झाला होता. दिवे सुरू असताना स्तंभाजवळ पक्ष्यांची दाटी आसपासच्या वीस पटींपर्यंत जाई. दिवे बंद केले की काही मिनिटांत पक्षी पांगत आणि पुढच्या वाटेला लागत. आता त्या रात्री पक्षिमित्र स्वयंसेवक गच्चीवर बसून मोजतात. झोतात हजाराहून अधिक पक्षी अडकले की दिवे वीस मिनिटे बंद ठेवले जातात.

या स्मारकाच्या कर्त्यांनी ते पर्यावरणकला म्हणून केलेले नाही. तरीही माझ्या मते माणसाच्या निसर्गावरच्या परिणामाविषयी याहून खरे प्रकाशकाम दुसरे नाही. इथे उजेड मोजणीला उत्तर देतो, त्या मोजणीत जिवंत पक्षी असतात, आणि उत्तर म्हणजे दिवा बंद करणे. शोकाकुल शहर आपल्या सर्वांत पवित्र रात्री पाखरांसाठी वीस मिनिटे काळोख मान्य करते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

काळोख किती दुर्मीळ झाला आहे, याचे दोन आकडे पुरेत. इटलीचे फाबिओ फाल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या जागतिक नकाशानुसार जगातली ८० टक्क्यांहून अधिक माणसे दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशांहून अधिक माणसांना आकाशगंगा दिसतच नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात जगभरच्या ५१,००० हून अधिक सामान्य निरीक्षकांच्या नोंदी होत्या, २०११ ते २०२२ या काळात आकाशाची चकाकी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत गेली, असा त्यांचा निष्कर्ष. सह्याद्रीत मे-जूनला झाडे लगडवणारे काजवे आपल्या लुकलुकीवर जोडीदार शोधतात. त्यांना बघायला गेलेल्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या तीच लुकलुक बुडवतात.

काही कलावंतांनी यातून टोकाचा आणि माझ्या मते बरोबर निष्कर्ष काढला. २५ सप्टेंबर २०२२ रोजी रोझगार्डने लायडेन शहरात ‘सीइंग स्टार्स’ केले. त्यात काहीच लावायचे नव्हते. रस्त्यांवरचे, दुकानांतले, घरांतले दिवे रहिवाशांनी आणि पालिकेने मिळून बंद केले. शहराच्या माथ्यावर तारे होतेच. ते फक्त दिसले.

आपल्याकडे हे एका रात्रीपुरते न होता कायमचे झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या भागांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे केली. रस्त्यावर पुरेसा उजेड राहिला, आकाशात जाणारा तेवढा थांबला. तारे बघण्यासाठी तिथे वेधशाळाही आहे. कला म्हणून हे कोणी केलेले नाही, वन विभागाने आणि गावांनी केले आहे.

महाराष्ट्रात दिव्यांच्या कामाला पैसा कमी नाही. पूल, किल्ले, धबधबे, चौक, सगळीकडे रंगीत रोषणाई होते, आणि विसर्जन मिरवणुकांतल्या लेझरने डोळे गेल्याच्या घटनाही आपण पाहिल्या आहेत. यापुढे तुमच्या गावात, मंडळात किंवा महापालिकेत ‘पर्यावरण जागृती’च्या नावाने प्रकाशाचा कार्यक्रम ठरला, तर आयोजकांना दोन गोष्टी लेखी विचारा. हा उजेड कोणत्या मोजमापावर बदलतो? आणि तो रात्री किती वाजता बंद होतो?